लमीसचा काका

"तुला कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय," एवढेच बोलून लमीस मिनीबसमधून उतरून गेली.

इतर मुलखात या वाक्याला फारसे वजन नाही. खाली बेरूतमध्ये लग्नाच्या पंगतीत शेजारच्याचे नाव आठवत नसले की लोक ते वापरतात. पण आमच्या डोंगरात, दुरूझ पंथाच्या गावांमध्ये, हे वाक्य जपून बोलायचे असते. इथे माणूस मेला की त्याच क्षणी कुठेतरी जन्माला येतो, याबद्दल कुणाचे दुमत नाही. मतभेद असतात ते एवढ्यावरच, की कुणाच्या घरी.

त्यामुळे रायेफने ते वाक्य साक्षीसारखे धरले. रायेफ तेवीस वर्षांचा, गणिताचा शिक्षक, एका परीक्षेत जिल्ह्यात दुसरा आलेला. पहिला कोण आला हे विचारलेले त्याला आवडत नसे. तो सबंध हिवाळाभर त्याच मिनीबसमध्ये लमीसच्या मागच्याच बाकावर बसत होता, तेव्हा तिने त्याला कुठेतरी पाहिलेले असणे अगदीच अशक्य नव्हते. हे स्पष्टीकरण त्याला सुचले नाही. मागच्या जन्मी आपण नवरा-बायको होतो, निदान साखरपुडा तरी झालेला होता, असा निष्कर्ष त्याने घर येईपर्यंत काढला आणि त्याखाली मनातल्या मनात दोन रेघा मारल्या.

अडचण होती ती लमीसच्या वडिलांची. शाहीन म्हणजे कस्टम खात्यातून निवृत्त झालेला माणूस. खात्यातून निवृत्त झाला, पण संशयातून झाला नव्हता. केफर सिंदियानमधल्या त्याच्या घराचा उंबरा अनोळखी तरुणाला ओलांडता येत नसे. आत शिरायचे तर काहीतरी कारण हवे, आणि ते घरातल्या थोरांना पटणारे हवे.

रायेफची आई त्या दिवसांत घरी असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ती मोठ्या मुलीच्या बाळंतपणासाठी अबूधाबीला गेली होती, आणि घरात सल्ल्याचे खाते नजलाखालाकडे आले होते. नजला ही आईची धाकटी बहीण. कुणाच्या घरी कोण कधी गेले आणि कुणाच्या घरी कोण कधी जन्मले, याचा आसपासच्या गावांचा हिशेब तिला तोंडपाठ होता. रायेफने तिला मिनीबसमधले वाक्य सांगितले. खालाने त्याचे ओळखपत्र मागितले, जन्मतारीख पाहिली आणि डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

त्या दिवशी, ती म्हणाली, केफर सिंदियानमध्ये अफीफाचा कमील गेला. फुटबॉलचा सामना दिसेना म्हणून अँटेना फिरवायला गच्चीवर चढला आणि शिडीवरून पडला. "आणि तू? लहानपणापासून शिडी पाहिली की तुला घाम फुटतो. कुणी विचारलं का तुला, का फुटतो म्हणून?"

घाम फुटत असे ही गोष्ट खरी होती. वर्गातला दिवा गेला तर रायेफ शिपायाला सांगे आणि दिवा लागेपर्यंत खिडकीबाहेर बघत राही.

"हा कमील कुणाचा कोण?" त्याने विचारले.

"शाहीनचा धाकटा भाऊ. त्या घरात तू गेलास ना, तर डोक्यावर घेऊन नाचतील तुला."

रायेफला शेवटचे वाक्य तेवढे ऐकू आले. जो माणूस मुलांना दोन अज्ञातांची समीकरणे सोडवायला शिकवत होता, त्याने हे एका अज्ञाताचे सोडवले नाही: आपण जर शाहीनचे भाऊ, तर शाहीनची मुलगी आपली कोण?

त्याच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे, की तो खोटे एकदाही बोलला नाही. मला कमीलचे सगळे आठवते, असे त्याने कधीही म्हटले नाही. शिडी पाहिली की मला काहीतरी होते, एवढेच तो म्हणाला. बाकीचे सगळे लोकांनी केले.

खालाने निरोप धाडला, दिवस ठरला. अशा भेटीत परीक्षा घेण्याची आमच्याकडे रीत आहे. शाहीन अंगणात हाताची घडी घालून उभा होता. लोकांच्या बॅगा उघडण्यात त्याचे आयुष्य गेले होते, त्या नजरेने त्याने रायेफला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाला, "कमील कुठं पडला होता, दाखव." रायेफने मान वर केली. भिंतीला शिडी लावलेली होती. त्याला घाम फुटला, आणि तो जिथे उभा होता तिथेच मटकन खाली बसला.

नेमका तिथेच कमील पडला होता.

कमीलची आई, पांढऱ्या ओढणीतली अफीफाआजी, पुढे आली. तिने त्याचे डोके छातीशी धरले. शाहीनच्या हाताची घडी सुटली. रायेफला आत नेले, कोपऱ्यातल्या ज्या खुर्चीवर कमील गेल्यापासून कुणी बसले नव्हते तिच्यावर बसवले, आणि पुढ्यात भेंडीची भाजी ठेवली. कमीलचा भेंडीवर जीव होता. रायेफला भेंडीचा वास सहन होत नसे. तो कसाबसा म्हणाला, की मला भेंडी आवडत नाही. आजीने डोळे पुसले आणि सगळ्यांना सांगितले, मरणाने माणसाची जीभ सुधारते.

मग तिने आत हाक मारली. "लमीस, ये. काकाच्या हाताचा मुका घे."

लमीस आली. मिनीबसमधलीच लमीस, केस मागे बांधलेले, हात ओले. तिने रायेफकडे पाहिले, आणि तिच्या भुवया किंचित वर गेल्याचे त्याच्याखेरीज कुणाच्या लक्षात आले नाही. तिने वाकून त्याच्या हाताचे चुंबन घेतले, हात कपाळाला लावला आणि म्हणाली, "बरं झालं काका, आलात. घरात मोठं माणूस हवंच होतं."

रायेफचे समीकरण त्या क्षणी सुटले.

पुढचे दोन महिने तो त्या घरी आठवड्यातून तीनदा जात होता, कारण न जावे तर आजी जेवत नसे, आणि गेला की ती जुन्या सवयीने भेंडीच वाढे, तो ती गिळत असे. उंटावर बसायला मिळाले होते खरे, पण उतरायचे कसे हे कुणी सांगत नव्हते. त्याच्याच गल्लीतला अबू तलाल, टपाल खात्यातला निवृत्त कारकून, सल्ला द्यायला फाटकाशीच उभा असे. त्याचे म्हणणे असे, की मागचा जन्म बोलणारी पोरे थोडी मोठी झाली की विसरतात. तेव्हा तूही हळूहळू विसरायला लाग. सल्ला शास्त्रशुद्ध होता. रायेफ दुसऱ्या दिवशी आजीपुढे बसून म्हणाला, की आताशा मला काहीच आठवत नाही. आजी शाहीनकडे वळून म्हणाली, "बघ. अगदी कमील. त्याला कधी काही आठवायचं?"

तेव्हापासून त्याने विसरण्याचा नाद सोडला.

त्या घराचा आणि शेजारच्यांचा जैतुनाच्या बागेतल्या बांधावरून जुना वाद होता. हद्दीचा दगड कुठे पुरला आहे हे फक्त कमीलला ठाऊक होते, आणि कमील ते सांगण्याआधीच वर चढला होता. आता दोन्ही बाजू रायेफला घेऊन बागेत गेल्या. रायेफ स्वभावाने ठाम. त्याने एक झाड निवडले आणि बोट दाखवले. दोन्ही बाजूंचे चेहरे सारखेच पडले, त्यावरून जागा बरोबर असली पाहिजे असे गावाने ठरवले. मुख्तारने, म्हणजे गावच्या मुखियाने, तसा कागद करून पालिकेत नेला. तिथल्या कारकुनाने तो परत पाठवला. ज्याची सही हवी तो मृत आहे, आणि जो जिवंत आहे त्याचा जमिनीशी संबंध नाही, असा त्याचा आक्षेप होता. पालिकेच्या इतिहासात इतका बिनतोड आक्षेप दुसरा नसेल. तरी मुख्तार रायेफवरच चिडला, की निदान एक काहीतरी हो.

मग एका दुपारी इल्हामबाई आल्या. कमीलशी त्यांचा साखरपुडा झालेला होता. आता त्या पंचेचाळिशी ओलांडलेल्या, एका शाळेच्या मुख्याध्यापिका, तीन मुलांची आई. बरोबर नवराही होता. हार्डवेअरचे दुकान चालवणारा तो धिप्पाड माणूस दाराशी उभा राहून रायेफच्या खांद्यांची रुंदी मोजत होता. रायेफला मागच्या जन्मीचे प्रेम हवे होते. ते आले, समोर बसले, आणि चष्मा काढून त्याच्याकडे पाहू लागले. त्याला शाळेत उशिरा पोचल्यासारखे वाटले.

"आत्ता खाली येतो म्हणाला होतास," इल्हामबाई म्हणाल्या. "अंगणात उभी होते मी."

रायेफ म्हणाला, चुकले माझे. इल्हामबाईंनी चष्मा परत घातला. "कमीलनं जन्मात कधी चुकलं म्हटलं नाही," त्या हळूच म्हणाल्या आणि आजीच्या हातावर थोपटून निघून गेल्या. नवऱ्याने जाताना हात मिळवला. रायेफला दोन दिवस त्या हातात खडू धरता आला नाही.

शेवटी तो खालवाच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनागृहाच्या, वृद्ध शेखांकडे गेला. मागच्या जन्मीच्या पुतणीशी या जन्मी लग्न चालते का, असे त्याने एका मित्राच्या वतीने विचारले. शेखांनी पांढरी पगडी सारखी केली आणि सांगितले, की नाते रक्ताचे, रक्त शरीराचे, आणि शरीर तर मातीत गेले. धर्माला यात हरकत नाही. "पण तुझ्या मित्राला म्हणावं, धर्माची परवानगी मिळाली. आता जी तुला मुलगा म्हणून घास भरवते, तिच्याकडे जाऊन तिची परवानगी माग."

त्याच आठवड्यात लमीस त्याला विहिरीपाशी एकटी भेटली. ती खाली शहरात परिचारिकेचे शिक्षण घेत होती आणि माणसाची नाडी बघण्याआधीच त्याचा आजार ओळखण्याची तिला सवय होती.

"काका, खरं सांगा. तुम्हाला काही आठवतं?"

"शिडी पाहिली की काहीतरी होतं," रायेफ म्हणाला.

"आणि शिडी बघायला आठवड्यातून तीनदा येता?"

रायेफने विहिरीत पाहिले. लमीस पोहरा वर ओढत सांगत राहिली, की शुक्रवारी तिला मागणी घालायला माणसे येणार आहेत. मुलगा कुवेतला इंजिनियर आहे. बाबांना पसंत आहे, पण आजी म्हणते, घरात एवढ्या वर्षांनी कमील आलाय, तर शब्द कमील देईल.

"तुला आवडतो तो?" रायेफने विचारले.

"पाहिलेलाच नाही अजून. पण तो निदान नवरा व्हायला येतोय," लमीस म्हणाली आणि पोहरा घेऊन आत गेली.

गुरुवारी रायेफची आई अबूधाबीहून परतली. सामान उघडायच्या आतच नजलाखालाने तिला अभिमानाने सगळी हकीकत सांगितली. आईच्या हातातला खजुराचा डबा हातातच राहिला.

"कमील? अफीफाचा कमील?" ती म्हणाली. "अगं, त्याच्या घरी भेटायला मी गेले होते. हा तेव्हा माझ्या कडेवर होता. बाळंतपणाचे चाळीस दिवस नुकतेच सरले होते, त्यानंतर पहिल्यांदा बाहेर पडले ती तिथंच."

आमच्यात आत्मा वाटेत कुठे थांबत नाही. एक श्वास सुटतो त्याच क्षणी दुसरीकडे पहिला श्वास सुरू होतो. जे पोर आधीच आईच्या कडेवर बसून दूध ओकते आहे, त्याच्यात कुणी नव्याने शिरत नाही. रायेफ स्वतःच्याच मयताला गेला होता, आणि म्हणून तो मेलेला नव्हता.

ओळखपत्रावरच्या तारखेचे काय, असे खालाने चिरक्या आवाजात विचारले. आई म्हणाली, की याच्या बापाने आयुष्यात एका कामासाठी कधी शहरात फेरी मारली नाही. तेलाच्या घाण्याच्या परवान्यासाठी गेला, तेव्हा जाता जाता पोराची नोंद केली आणि साहेबाला उगाच प्रश्न पडू नयेत म्हणून अलीकडचीच तारीख सांगितली. डोंगरातल्या निम्म्या लोकांचे वाढदिवस असेच पडलेले आहेत.

"मग आधी सांगायचंस ना," खाला म्हणाली.

"मला कुणी विचारलं का?"

रायेफला सुटल्यासारखे वाटले. नंतर, हे नोंदवणे भाग आहे, थोडे वाईटही वाटले. दोन महिने तो कुणीतरी होता. त्याला खास खुर्ची होती, त्याच्या बोटावर बांध ठरत होते. आता तो पुन्हा जिल्ह्यात दुसरा आलेला मास्तर होता. पण त्याच्यापुढचा पेच या दोन्हींपेक्षा मोठा होता. उद्या गप्प बसावे तर लमीस कुवेतला जाणार. बोलावे तर एका म्हातारीचा मुलगा तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा मरणार, आणि या खेपेला त्याला मारणारा रायेफ असणार. खालाने सुचवले, की तिला आठ-पंधरा दिवसांनी हळूहळू सांगू. अबू तलालने सुचवले, की ताप आल्याचे कळव. रायेफने दोघांचे ऐकून घेतले आणि आईला म्हणाला, "उद्या माझ्याबरोबर चल."

शुक्रवारी कुवेतवाल्यांकडून सात माणसे आली. सगळ्यांत वडील माणूस मधोमध बसला, मिशा साफ केल्या, आणि समोर आलेला कॉफीचा पेला त्याने ओठाला न लावता मेजावर ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले. रीतच तशी आहे: मागणीला होकार मिळेपर्यंत पाहुणा कॉफीला शिवत नाही. नवरा मुलगा शेवटच्या खुर्चीवर, गळपट्टा आवळून, सुन्न बसला होता. वडील माणसाने दोन्ही घराण्यांची स्तुती केली, हवेची केली, जैतुनाची केली, आणि मुलीचा हात मागितला. दाराआड लमीस उभी असल्याचे तिच्या बांगडीच्या आवाजावरून कळत होते.

शाहीनने खुर्चीकडे वळून म्हटले, "कमील, तू सांग."

सगळ्या पेल्यांतली कॉफी निवू लागली होती. आजी रायेफकडे हसून पाहत होती.

"मी कमील नाही," रायेफ म्हणाला. "कमील गेला तेव्हा मी जन्मलेला होतो. आई मला कडेवर घेऊन या घरी भेटायला आली होती. ही बघा, इथंच बसलीये. आजी, मला काल कळलं. पण त्याआधीसुद्धा मी तुमचा मुलगा म्हणून येत नव्हतो. मी लमीससाठी येत होतो. माझं चुकलं."

शाहीन उठून उभा राहिला. त्याच्या हातातून आजवर बराच निषिद्ध माल गेला होता, पण असा माल त्याच्या घरात घुसून जेवून गेला नव्हता. पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारले, की मग हा काकाच्या खुर्चीवर कोण बसला आहे. घरातले सगळे आजीकडे पाहत होते.

आजी रायेफच्या आईकडे पाहत होती. "दाराशी बसली होतीस तू," ती म्हणाली. "निळी शाल होती."

आईने मान डोलावली.

"शेख म्हणाले होते, रडू नका. आत्मा नव्या घरी पोचलाय, तुमच्या अश्रूंनी पोळेल. म्हणून कुणी रडलं नाही. मी ओठ दाताखाली धरून बसले होते. आणि एक तान्हं पोर गळा काढून रडत होतं. सगळे त्याच्याकडे वळून बघत होते. तो हा?"

"हाच," आई खालच्या आवाजात म्हणाली. "किती केलं तरी राहीना. लाजेनं बाहेर घेऊन गेले मी."

"कशाला नेलंस? मी मनात म्हणत होते, रड बाळा, माझ्या वाटचं पण रड."

मिशावाल्या वडील माणसाने रुमाल काढला. आजीने ओढणीने चेहरा पुसला, आणि ती पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज रोजचा, घर चालवणाऱ्या बाईचा होता. कमील कुठेतरी आहे, ती म्हणाली, आणि सुखात आहे. ज्यांचे काही राहून गेलेले असते ती पोरे बोलतात. कमील इतकी वर्षे बोलला नाही, म्हणजे त्याला चांगले घर मिळाले. मग ती रायेफकडे वळली.

"तू उठ त्या खुर्चीवरून. मुलगी मागायला येतात ते तिकडं बसतात."

"आई, अगं हा लबाड..." शाहीन म्हणाला.

"लबाडाला भेंडी दोन महिने खाववली असती का?" आजी म्हणाली. "बस खाली. आणि मुलीला विचार. घरात कुणीच काका नाही आता, तर तिचं तिलाच सांगू दे."

रायेफ उठला आणि पाहुण्यांच्या रांगेच्या टोकाला गेला. कुवेतच्या इंजिनियरने खुर्ची थोडी सरकवून त्याला जागा करून दिली.

लमीस दाराआडून पुढे आली. पाहुण्यांपुढे तिने मान लववली आणि सांगितले, की तुमच्या मुलात काही कमी नाही, पण मला इथेच शिकायचे आहे, मला माफ करा. हे इतक्या सरळपणे झाले, की वडील माणसाला रागावायला फट सापडली नाही. आता प्रश्न एवढाच उरला, की सात पाहुणे न प्यायलेल्या कॉफीपुढून उठणार कसे. आमच्यात तो मोठा अपमान. आजीने थंड पेले उचलायला लावले आणि बिनसाखरेची, कडू, दुखवट्याला करतात तशी कॉफी करायला सांगितली. ही मागणीची नाही, ती म्हणाली, ही कमीलची आहे. ही प्यायला कुणाच्या होकाराची गरज नाही.

तबक लमीसने आणले. वयाच्या क्रमाने ती पेले देत गेली, मिशावाल्यांपासून वडिलांपर्यंत, इंजिनियरलाही दिला. सगळ्यांत शेवटी ती रायेफपुढे थांबली.

"नाव काय तुझं?" तिने विचारले.

"रायेफ."

"साखर नाहीये यात, रायेफ."

"चालेल," रायेफ म्हणाला आणि दोन्ही हातांनी पेला घेतला.